समुद्रकाठच्या घोड्यासाठी दोरीची म्होरकी आणि लीड: पॉलिएस्टरचा सेट कसा आहे, तो कसा सांभाळावा

पॉलिएस्टरच्या दोरीची म्होरकी आणि बारा फुटी लीड, म्हणजे घोडा हातात धरून न्यायची दोरी, असा जो सेट ऑनलाइन मिळतो, तो किनाऱ्यावर काम करणाऱ्या घोड्यासाठी जरूर घ्यावा. घोडा ओहोटीच्या वेळी अलिबागहून कुलाबा किल्ल्यापर्यंत ये-जा करणारा असो, नाहीतर नागाव-काशीदच्या वाळूवर पर्यटकांना फिरवणारा. घाटावरच्या तबेल्यात म्होरकीला घाम आणि धूळ एवढंच सोसावं लागतं. इथे त्यात खारं पाणी आलं, विणीत शिरणारी बारीक वाळू आली आणि पावसाळ्याचे चार महिने काहीच सुकू न देणारी दमट हवा आली. हा सेट त्यात टिकतो, पण दोन अटींवर. एक, समुद्रावरून परतल्यावर त्याला गोडं पाणी मिळालंच पाहिजे. दुसरी, लीडच्या टोकाचा स्नॅप, म्हणजे म्होरकीत अडकवायचा खिट्टीचा धातूचा आकडा, बघून घ्यावा आणि हलका निघाला तर वापरायच्या आधीच बदलावा.

सेटमध्ये काय असतं ते थोडक्यात. म्होरकी साधारण ६ मि.मी. जाडीच्या, घट्ट विणीच्या एकाच अखंड दोरीची असते. नाकावर दोन गाठी, हनुवटीखाली फियाडोर गाठ (दोरीचे पदर एकमेकांत विणून बांधलेली गाठ) आणि तिथेच लीड अडकवायचा फास. डाव्या गालाजवळ बांधायचा दुसरा फास. कुठेही कडी नाही, बक्कल नाही. खाऱ्या हवेत हा मोठाच फायदा, कारण गंजायला काही उरतच नाही. लीड १२ ते १४ मि.मी. जाड, एका टोकाला स्नॅप, दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा चामड्याची लहान पट्टी. मूठ भरून हातात येते आणि घोड्याने अचानक मान फिरवली तरी चटकन निसटत नाही.

लेबलवर मात्र विसंबून राहू नका. ‘नायलॉन’ हा शब्द बाजारात कुठल्याही प्लास्टिकच्या दोरीला लावतात. दोरीचा बोटभर तुकडा मागून घ्या आणि ग्लासभर पाण्यात चिमटून ओला करून सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याच जातीचं काहीतरी, बुडाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मग दोन हातांत धरून ताणून बघा. नायलॉन चांगलं लांबतं आणि सोडल्यावर परत येतं, पॉलिएस्टर जेमतेम हलतं. सेट घरपोच आला असेल आणि तुकडा कापायचा नसेल, तर लीड वजनकाट्यावर ठेवा. १२ मि.मी. जाडीची बारा फुटी पॉलिएस्टरची लीड स्नॅप धरून सव्वाचारशे ग्रॅमच्या वरच भरायला हवी. तेवढीच पॉलिप्रॉपिलीनची नुसती दोरी, स्नॅप सोडून, अडीचशेच्या आत राहते. हे वजन वापरतानाही कामाचं आहे. जड लीडचा झोल सैल लोंबतो, त्यामुळे हात थोडा हलवला तरी इशारा घोड्याच्या हनुवटीपर्यंत पोहोचतो.

बंदरावरच्या जाळी-दोरखंडाच्या दुकानात किलोवर मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा हिरवा-निळा दोर स्वस्त पडतो, म्हणून त्याच्या म्होरक्या वळण्याचा मोह होतो. तो करू नये. तो दोर होडीसाठी बनलेला आहे. पाण्यावर तरंगतो, कुजत नाही, सगळं खरं. पण उन्हात त्याचे तंतू लवकर तडकतात आणि टोचऱ्या कुसळांसारखे वर येतात. गाठ धरून राहत नाही, घसरते. शिवाय तो १६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. घोडा उधळून दोर हातातून सर्रकन गेला, तर घर्षणाने हात भाजतो आणि दोरावरही चकचकीत वितळलेला पट्टा उमटतो.

नायलॉन वाईट नाही. मजबूत असतं, झटका पचवतं. पण ते पाणी पितं, ओलं असताना दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं आणि वर्ष-दोन वर्षांत आकसून कडक होत जातं. ताणलेलं नायलॉन सुटलं किंवा स्नॅप तुटला की दोर उलट फिरून माणसाच्या तोंडावर येतो, हा त्याचा खरा धोका. सुती लीड हाताला सगळ्यात सुखद, पण कोकणात पावसाळ्यात ती जपणं जिकिरीचं. पॉलिएस्टरवर बुरशी धरते ती घाम, केस आणि मळ यांवर. धाग्याला ती काही करत नाही. सुतात मात्र बुरशी धागाच खाते. काळे ठिपके पडलेली सुती दोरी वरून धड दिसली तरी तिचा भरवसा धरू नये.

आता मुख्य गोष्ट, मीठ.

दोरी मळाने खराब होते असं वाटतं, म्हणून लोक साबण आणि ब्रश घेऊन बसतात. किनाऱ्यावर दोरीला खातं ते मीठ, आणि मिठासोबत आत जाणारी वाळू. खारं पाणी विणीच्या आत शिरतं, वाळतं आणि तिथे मिठाचे खडे धरतात. दोरी वाकली की ते खडे आणि वाळूचे कण तंतूंवर आतूनच घासत राहतात. बाहेरून काही दिसत नाही. दुसरं असं, की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे खारी राहिलेली म्होरकी जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुकूच शकत नाही, पडवीत टांगा नाहीतर पंख्याखाली ठेवा. तीच दोरी डिसेंबरात वाळली की काठीसारखी ताठ होते. नाकावरच्या दोन गाठी अशा ताठ झाल्या आणि त्यांत वाळू असली, की घोड्याच्या नाकाच्या हाडावरचे केस घासून जातात. कातडी दुखावली तर पुढे तिथे पांढरे केस उगवतात आणि ती खूण कायमची राहते.

मीठ काढायला साबण लागत नाही, पाणी लागतं, आणि वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. हिशेब साधा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पूर्ण भिजलेल्या म्होरकी आणि लीडमध्ये मिळून २०० मि.लि. पाणी आहे असं धरलं, तर त्यात ७ ग्रॅम मीठ आलं, म्हणजे चमचाभर. ती १० लिटरच्या एका बादलीत खळबळून काढली, तर मागे पन्नासावा हिस्सा उरतो. पण तेच १० लिटर पाणी ५-५ लिटरच्या दोन बादल्यांत वाटलं आणि एकीनंतर दुसरीत बुडवली, तर सव्वीसाव्याचा सव्वीसावा, म्हणजे पावणेसातशेवा हिस्सा उरतो. पाणी तेवढंच, काम तेरापट. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला गेल्यावर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोरीवर नळ सोडून ठेवण्यात यातलं काहीच साधत नाही, पाणी वरच्यावर वाहून जातं.

पद्धत अशी. परतल्यावर दोरी ओली असतानाच पहिल्या बादलीत टाका. एकदा मीठ आत वाळलं की भिजायला जास्त वेळ लागतो. दहा मिनिटं राहू द्या. अधूनमधून लीड मुठीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत न्या, म्हणजे आतल्या गाभ्यातलं पाणी बाहेर पडेल आणि नवं शिरेल. नुसतं बुडवून ठेवलं तर गाभा खाराच राहतो. म्होरकीच्या गाठी पाण्याखाली दोन्ही बाजूंनी एकमेकींकडे ढकला. गाठ फुलते आणि आतली वाळू बादलीच्या तळाला बसताना दिसते. ती वाळू ढवळू नका, दोरी वरच्यावर उचलून घ्या. मग दुसऱ्या बादलीत तसंच दहा मिनिटं. फियाडोर गाठ धुण्यासाठी सोडू नये, ती परत पहिल्या मापात बांधणं सोपं नाही.

शेवटची बादली तरी गोड्या पाण्याची हवी. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यात धुतलं तर निदान तेवढं मीठ दोरीत राहणारच. पहिली बादली विहिरीची, दुसरी नळाची, एवढं केलं तरी पुरतं. पावसाळ्यात तर पागोळ्यांखाली पिंप लावलं की झालं. त्यासारखं स्वच्छ पाणी नाही. छपराची धूळ वाहून जाण्यासाठी पहिल्या एक-दोन सरी तेवढ्या सोडून द्याव्यात.

मीठ निघालं का, हे दुसऱ्या दिवशी कळतं. दमट रात्रीनंतर सकाळी म्होरकी हातात घ्या. चिकट-ओलसर लागली आणि शेजारचं धुतलेलं फडकं मात्र कोरडं असेल, तर मीठ आत आहे. पुन्हा दोन बादल्या.

साबणाची धुलाई रोज नको. रोज काम करणाऱ्या घोड्याची म्होरकी पंधरा दिवसांतून एकदा पुरते. आधी दोरी पूर्ण वाळवून झटका, केस हाताने काढा, जांभ्याची लाल माती सुक्या ब्रशने झाडा. ओल्या लाल मातीवर ब्रश मारला तर ती विणीत खोल जाते. मग ५ लिटर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड १५ मि.लि., म्हणजे मोठा चमचाभर. वीस-तीस मिनिटं भिजवून नखं घासायच्या मऊ ब्रशने विणीच्या दिशेने घासा. कानामागचा भाग आणि हनुवटीखालचा फास यांत सगळ्यात जास्त घाम मुरतो. घोड्याच्या घामात फेस आणणारं लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, म्हणून साबण घालायच्या आधीच थोडा फेस आला तर दचकू नका. फेस येणं थांबेपर्यंत तीन-चार पाणी बदला. राहिलेला साबण नाकाच्या कातडीला खाज आणतो आणि वाळू धरून ठेवतो.

रिठा चालतो, आणि चांगला चालतो. आठ-दहा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळून ते पाणी चार लिटरमध्ये मिसळायचं. नीट गाळलं नाही तर सालाचा चोथा गाठींत अडकतो, एवढंच सांभाळा. डोळ्यांना झोंबतो, तेव्हा धुऊन काढणं इथेही तितकंच महत्त्वाचं. कपडे धुण्याच्या पावडरीने गार पाण्यात पॉलिएस्टर लगेच बिघडत नाही, पण तिच्यातला सोडा गाठींत उरतो आणि दोरी राठ होते. उकळतं पाणी आणि सोडा ही जोडी तर पॉलिएस्टरच्या मुळावरच येते. नायलॉनचं वैर ब्लीच आणि तीव्र आम्लाशी. फॅब्रिक सॉफ्टनर राठ झालेल्या लीडला कधीतरी ठीक, म्होरकीला नको. तंतू गुळगुळीत झाले की गाठी सरकतात.

वॉशिंग मशीनमध्ये टाकायची असेल तर म्होरकी उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, गार पाण्याची हलकी धुलाई लावा. लीड मशीनमध्ये घालूच नये. स्नॅप ड्रमवर आपटतो आणि चामड्याची पट्टी भिजून वेडीवाकडी होते. गाड्या धुण्याचा प्रेशर पंपही नको. दिसायला लखलखीत निघते, पण त्या झोताने वाळू गाभ्यात जाते आणि वरचे तंतू उपसले जातात.

वाळवायला सावली आणि वारा. पॉलिएस्टर उन्हाला बरंच सोसतं, तरी रोजच्या रोज भर उन्हात टाकायचं काही कारण नाही. धुतल्यावर पिळू नका. कोरड्या गोणपाटात गुंडाळून पायाने दाबा, निम्मं पाणी तिथेच जातं. मग म्होरकी कानामागच्या भागावर लाकडी खुंटीला टांगा. लोखंडी खिळ्याचा गंजाचा डाग जात नाही. लीड वेटोळं करून न ठेवता बांबूवर मोठे झोल देऊन टाका, कारण वेटोळ्याच्या आतली दोरी पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओली राहते. चुलीवरच्या उतरंडीपाशी किंवा धुरात टांगू नका. आणि पावसाळ्याच्या सुट्टीत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. सुती पिशवी किंवा उघडी खुंटी हेच बरं. वास आलाच तर ५ लिटर पाण्यात कपभर पांढरा व्हिनेगर, अर्धा तास, मग गोड्या पाण्याच्या दोन बादल्या.

स्नॅपबद्दल तक्रार आहे. स्वस्त सेटमध्ये जो चकचकीत बोल्ट स्नॅप येतो तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, वर निकेलचा मुलामा. मुलाम्याला बारीक चीर पडली की खारं पाणी आत जातं, पृष्ठभाग पांढरा-करडा फुगतो आणि झटक्यासरशी स्नॅप वाकण्याआधीच मोडतो. आतली स्प्रिंग पोलादी असेल तर ती त्याआधीच गंजून खिट्टी अडकते. पितळेचा जड स्नॅप घ्या, किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा. ३०४ वर समुद्राच्या हवेत तपकिरी डाग येतात. चुंबक घट्ट चिकटला तर मुलाम्याखाली लोखंड आहे, परत करा. स्नॅप कोणताही असो, बादलीत पाण्याखाली त्याची खिट्टी दहा-पंधरा वेळा मागे-पुढे करा, म्हणजे वाळू बाहेर येईल. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होऊन वाळू धरतं. सगळ्यात निर्धास्त मार्ग म्हणजे स्नॅप नसलेली, फासाने जोडायची लीड. सोडायला थोडा वेळ लागतो, पण मोडण्यासारखं काही नसतं.

चामड्याची पट्टी बादलीबाहेर ठेवा, ओल्या फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा चामड्याचं तेल द्या.

एका घोड्याची म्होरकी दुसऱ्याला घालू नये. गजकर्णासारखी बुरशी आणि पावसाळ्यात पाठीवर-तोंडावर खपल्या धरवणारा कातडीचा रोग अशाच सामायिक सामानातून पसरतात. घशाच्या गाठी सुजवणारा स्ट्रँगल्स म्होरकी आणि पाण्याच्या बादलीतूनही जातो. प्रत्येक घोड्याच्या दोरीला वेगळ्या रंगाचा धागा बांधा. आजारी घोड्याची पॉलिएस्टरची म्होरकी आधी साबणाने धुवा, कारण मळावर जंतुनाशक चालत नाही. मग घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, असं दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने काढा. स्नॅप आधी सोडून ठेवा. नायलॉनवर हा उपाय करू नका. सुती असेल तर सरळ जाळून टाका.

धुतल्यावर माप पुन्हा बघायचं. नायलॉन आणि सूत आकसतं, नाकावरची दोरी वर चढते. ती गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटं असावी. त्याहून खाली गेली तर नाकाच्या मऊ भागावर दाब येतो. बांधताना दोरीच्या शेपटाचं, म्हणजे गाठीबाहेर उरणाऱ्या भागाचं, टोक डोळ्यापासून दूर, मागच्या बाजूला वळवा आणि गाठ फासाच्या खाली घ्या. वर घेतली तर ती सरकते आणि ओली झाली की सुटता सुटत नाही.

एक उणीव सेटची नाही, त्या प्रकाराचीच आहे. ही म्होरकी तुटत नाही. म्हणून ती घालून घोडा ठाणावर एकटा सोडायचा नाही, टेम्पोतून न्यायचा नाही. माडाला बांधायचाच असेल तर माडाभोवती सुतळीचा एक फेर घ्या आणि लीड त्या सुतळीला, मानेच्या उंचीवर, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधा. घोडा बिथरला तर सुतळी तुटेल, मान वाचेल. दिवसभर बांधून ठेवायला रुंद पट्ट्याची म्होरकीच बरी, ६ मि.मी.ची दोरी त्या कामाची नाही.

टाकून कधी द्यायची? महिन्यातून एकदा लीड वीत-वीत करत बोटांतून फिरवा. वरचा लव आलेला थर ही नुसती झीज आहे, तो उलट आतल्या धाग्यांचं रक्षण करतो. पण गाभा दिसायला लागला, एखादी जागा चपटी आणि मऊ लागली, वितळून चकाकणारा कडक पट्टा सापडला, किंवा म्होरकीच्या फासात विणीचे दोन-तीन धागे तुटलेले दिसले, तर ती दोरी घोड्यासाठी संपली. शेपटाचं टोक उसवलं असेल तर ते कापून मेणबत्तीवर वितळवा आणि ओल्या फडक्यात दाबून गोल करा. असं कापत-कापत गाठ मारल्यावर हाताएवढंही शेपूट उरेनासं झालं, की नवी म्होरकी मागवा.